गिटारवरचे तडे आणि तिची किंमत



आजचा विषय लोकांच्या प्रश्नांतून आला आहे. जुन्या गिटारचे फोटो पाठवून लोक मला विचारतात, "सर, हिच्या पॉलिशवर बारीक तडे दिसतायत. घ्यावी का? घेतली तर किती कमी करून मागावी?" विकणाऱ्याचा प्रश्न याच्या उलटा असतो. "गिऱ्हाईक म्हणतंय फुटकी आहे, निम्म्यात द्या. देऊ का?" कुणी इंदूरहून विचारतं, कुणी बडोद्याहून, कुणी बंगळूरहून. पैसे दोन्हीकडचे अडकलेले असतात आणि दोघांनाही एकच भीती असते, आपण फसलो तर?

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी. गिटार कॉलेजपासून वाजवतो, बहुतेक पोस्टिंगवर ती सोबत होती, आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या लोकांना जुनी गिटार तपासून द्यायचं काम हौसेनं करतो. गिटार बनवणारा कारागीर मी नाही, त्यामुळे दुरुस्ती कशी करावी हे मी शिकवणार नाही. तपासायचं कसं आणि पैसे कशाचे कापायचे, एवढंच सांगणार आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. तडा फक्त वरच्या थराला आहे की खालच्या लाकडालाही, यावर किंमत ठरते. जुन्या पद्धतीच्या लॅकरला पडलेले तडे असतील, तर किंमत फारशी कमी व्हायला नको. लाकूड चिरलं असेल तर कमी व्हायला हवी, आणि किती, ते चीर कुठे आहे यावर अवलंबून. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तडे घालवायचे म्हणून चांगली जुनी गिटार खरवडून नवं पॉलिश चढवलं, तर तड्यांनी होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान होतं.

पुढच्या बोलण्यात दोन शब्द मी वेगळे ठेवणार आहे. वरच्या थराला जातो तो तडा. लाकडाला जाते ती चीर. एवढा फरक डोक्यात ठेवलात तरी आजचं अर्धं काम झालं.

आता हा थर म्हणजे काय ते बघू. आपण सगळ्यालाच पॉलिश म्हणतो, गिटारवाले फिनिश म्हणतात. पूर्वी लाखेचं पॉलिश असायचं. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींना रंग द्यायला नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं. ते झटपट वाळतं, पातळ बसतं आणि सुंदर चमकतं. गिटारच्या कारखान्यांनी ते उचललं. मार्टिन आणि गिब्सन यांच्या बऱ्याच गिटारींना ते आजही असतं. फेंडरनं १९५० आणि १९६० च्या दशकांत लॅकरच वापरलं, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती कंपनी जाड पॉलिएस्टरकडे वळली.

सैन्यातल्या माणसाला नायट्रोसेल्युलोज हे नाव ओळखीचं आहे. रायफलच्या आणि तोफेच्या गोळ्याला ढकलणारी बिनधुराची दारू याच पदार्थापासून बनते. निलगिरीत अरुवनकाडूला कॉर्डाइटचा जुना कारखाना आहे. त्या कॉर्डाइटमध्ये हाच पदार्थ असतो. लॅकरमध्ये कमी नायट्रोजनचा, सौम्य प्रकार वापरतात, पण घराणं तेच.

हा पदार्थ एकटा असला तर ठिसूळ होतो. म्हणून त्याला लवचीक ठेवणारे पदार्थ मिसळतात. सेल्युलॉइडमध्ये तर हे काम कापूर करायचा. आता कापूर डबीतून कसा उडून जातो ते तुम्हाला माहीत आहे. लॅकरमधले हे मऊपणा देणारे पदार्थही वर्षानुवर्षांत हळूहळू उडून जातात. तीस-चाळीस वर्षांनी थर कडक, पातळ आणि ठिसूळ उरतो. अशा थराला तडे जाणं हा गिटारचा दोष नव्हे, ते तिचं वय आहे.

आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गिटारींवर, विशेषतः दहा-वीस-तीस हजारांच्या गिटारींवर, पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं. बोलताना सगळे नुसतं 'पॉली' म्हणतात. हा थर वाळताना रासायनिक जाळं विणून घट्ट होतो. तो वर्षांनुसार असा ठिसूळ होत नाही, म्हणून वयामुळे त्याच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे सहसा पडत नाहीत. पॉलीवर तडा दिसला तर बहुतेक वेळा कुठेतरी आपटलं आहे, किंवा खालचं लाकूड हललं आहे. म्हणजे तीच रेघ लॅकरवर असेल तर तिचा अर्थ एक, आणि पॉलीवर असेल तर दुसरा.

फरक ओळखायचा कसा? पहिल्यांदा मॉडेल आणि साल शोधा. कंपनीनं त्या मॉडेलला कोणतं फिनिश दिलं होतं, हे बहुधा कळतं. नंतर डोळ्यांनी बघा. लॅकर पातळ असतं, काळानुसार पिवळसर होतं, लाकडाच्या रेषांमध्ये थोडं बसलेलं दिसतं. पॉली काचेसारखं सपाट आणि जाड दिसतं, आणि टवका उडाला की त्या जागी थराची जाडी कडेनं दिसते. कोपऱ्यात ॲसिटोनचा थेंब टाकून बघा, असं सांगणारेही भेटतील. दुसऱ्याच्या गिटारवर हे कधीही करू नका. लॅकर असेल तर ते तिथेच विरघळेल, आणि मग भरपाई तुमची.

तडे पडतात कसे, हे कळलं की ते वाचता येतात. लेहला हिवाळ्यात बाहेर उणे १५ अंश असताना ट्रकमधून सामान उतरतं. गिटारची पेटी थेट बुखारी पेटलेल्या खोलीत येते आणि उत्साहात कुणीतरी लगेच उघडतं. बर्फासारख्या थंड थराला एकदम गरम हवा लागते. थर एका वेगानं ताणतो, लाकूड दुसऱ्या वेगानं. कधीकधी कानाला बारीक टिकटिक ऐकू येते आणि डोळ्यांसमोर रेघा उमटतात. याला थंडीचे तडे म्हणतात. दिल्लीच्या जानेवारीतही हे लहान प्रमाणात घडतं. गाडीच्या डिकीत रात्रभर राहिलेली गिटार सकाळी हीटरशेजारी उघडली की पुरे.

इथे एक उपयोगाची गोष्ट आहे. थंडीत थर सगळ्या दिशांना आकसायला बघतो. लाकूड मात्र आपल्या रेषांच्या लांबीच्या दिशेनं तापमानामुळे जवळजवळ आकसत नाही. म्हणजे लांबीच्या दिशेनं थरावर ताण येतो आणि तो आडवा तुटतो. म्हणून थंडीचे तडे बहुतेक वेळा लाकडाच्या रेषांना छेदून आडवे जातात.

दमट हवेचं उलट आहे. पावसाळ्यात लाकूड पाणी पितं आणि रुंदीच्या दिशेनं फुगतं. ठिसूळ झालेला थर रुंदीत ताणला जातो आणि तडे लाकडाच्या रेषांना समांतर पडतात. कोकणातून, गोव्यातून, कोलकात्यातून आलेल्या जुन्या गिटारींवर असे तडे बघायला मिळतात.

आता लाकडाची चीर. ज्यानं सरपण फोडलं आहे त्याला सांगायला नको, लाकूड फुटतं ते रेषांच्या बाजूनं. गिटारच्या पुढच्या फळीची चीरही रेषांना समांतरच जाते. म्हणून नियम असा: पुढच्या किंवा मागच्या फळीवर रेषांना छेदून जाणारी आडवी रेघ दिसली तर ती बहुधा थराची आहे, घाबरू नका. रेषांना समांतर रेघ दिसली तर थांबा आणि तपासा. ती थराचीही असू शकते, लाकडाचीही.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो आत्ताच सांगतो. नेक जिथे हेडस्टॉकला मिळते ती जागा. गिब्सन पद्धतीच्या गिटारींमध्ये हेडस्टॉक मागे कललेला असतो आणि नेक एकाच लाकडातून कापलेली असते. त्या कलामुळे तिथल्या रेषा आखूड होऊन तुटक पडतात. गिटार स्टँडवरून पडली की नेमकी तिथे मोडते. त्या जागी दिसणारी कोणतीही रेघ, आडवी असो वा तिरकी, लाकडाचीच आहे असं धरून चाला, जोवर उलट सिद्ध होत नाही.

तपासणीला मोबाईलची टॉर्च, एक छोटा आरसा आणि दहा मिनिटं पुरतात. पाच पायऱ्या आहेत.

पहिली, टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून तिरका उजेड टाका. समोरून उजेड टाकला तर चमक दिसते, तिरका टाकला तर उंचसखलपणा दिसतो. थराच्या तड्याच्या दोन्ही कडा एका पातळीत असतात. चिरीची एक कड अनेकदा किंचित वर आलेली असते.

दुसरी, रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच आळीपाळीनं दाबा. दोन्ही बाजू एकत्र हलल्या तर ठीक. एक बाजू दुसरीपासून वेगळी हलली, किंवा बारीक करकर ऐकू आली, तर चीर आहे.

तिसरी, आतून बघा. साउंडहोलमधून आरसा घाला, टॉर्च आत धरा. आतल्या बाजूला थर नसतो, नुसतं लाकूड असतं. बाहेरची रेघ आतही त्याच जागी दिसली तर ती आरपार गेलेली चीर आहे. आत छोट्या लाकडी चकत्या चिकटवलेल्या दिसल्या तर पूर्वी दुरुस्ती झाली आहे. दुरुस्ती म्हणजे वाईट नव्हे, पण विकणाऱ्यानं ती सांगितली होती का, ते आठवा.

चौथी, टोकं बघा. तडा फळीच्या मध्येच कुठेतरी सुरू होऊन मध्येच विरतो, आणि त्याच्या शेजारी तसेच आणखी दहा असतात. चीर बहुधा एकटी असते आणि ताणाच्या जागेपासून निघते: ब्रिजच्या कडेपासून, साउंडहोलपासून, पिकगार्डच्या काठापासून.

पाचवी, वाजवा. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट. कुठे भणभण आली तर कारण शोधा. नुसत्या थराच्या तड्यांनी आवाजात कानाला कळेल असा फरक पडत नाही.

इलेक्ट्रिक गिटारवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ज्यांची नेक स्क्रूंनी बसवलेली असते, त्यांच्या नेकच्या खाचेच्या कोपऱ्यातून बॉडीवर एक-दोन सेंटिमीटरची रेघ निघालेली अनेकदा दिसते. नेक घट्ट बसते, तिथला थर जाड असतो, थोडा दाब आला की थर फुटतो. बहुतेक वेळा ती थरापुरतीच असते आणि गिटार वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. नेक हातानं हलवून बघा. ती डुगडुगत नसेल आणि रेघ वाढत नसेल, तर थोडेफार पैसे कमी करून घ्यायला हरकत नाही.

आता पैशांकडे येऊ. मी इथे देतो ते आकडे हिशेब समजावण्यासाठी आहेत, बाजारभाव म्हणून धरू नका.

समजा, रोजच्या वापरातली पॉलीची गिटार आहे आणि जुन्या बाजारात तिला १२,००० रुपये यायला हवेत. कडेला आपटून थराचा टवका आणि छोटा तडा आहे, लाकूड शाबूत आहे. इथे तुम्ही दिसण्याचे पैसे कापता, वाजण्याचे नाही. माझा सल्ला हजार-पंधराशेपर्यंतचा असतो. तेच हेडस्टॉकच्या मुळाशी खरी चीर असेल, तर त्या वर्गातली गिटार मी घेऊच नका म्हणतो, कारण चांगल्या दुरुस्तीचा खर्च आणि तुमची धावपळ मिळून नवीन गिटारच्या जवळ जाते.

ही स्वस्त गिटार प्लायवुडची असेल तर एक दिलासा आहे. प्लायमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात, म्हणून ती सहसा आरपार चिरत नाही. अखंड लाकडाच्या फळीला आवाज चांगला, पण चिरीचा धोका जास्त. साउंडहोलच्या कडेवर बघा. रेषा वरून खाली सलग उतरताना दिसल्या तर फळी अखंड आहे.

दुसरं, जुनी लॅकरची चांगली गिटार. तिच्या किमतीचा हिशेब जगभरच्या जुन्या गिटारींच्या बाजारात साधारण असा लावतात. मूळ फिनिशवर वयाचे तडे असतील तर फार थोडी घट, कित्येकदा काहीच नाही. उलट तडे असतील तर फिनिश मूळचंच असण्याची शक्यता वाढते. नीट दुरुस्त केलेली फळीची चीर असेल तर घट होते, पण मर्यादेत. हेडस्टॉक मोडून जोडलेला असेल तर किंमत ढोबळ मानानं निम्म्यावर येते. आणि पूर्ण गिटार खरवडून पुन्हा फिनिश केली असेल, तरीही जवळपास निम्म्यावर. पुन्हा ऐका. नवीन चकचकीत पॉलिश आणि मोडलेला हेडस्टॉक, बाजाराच्या हिशेबात दोन्ही एका ओळीत बसतात.

आपल्या लोकांना हे पटायला जड जातं, आणि त्याचं कारण आपल्या वाद्यपरंपरेत आहे. घरचा तंबोरा जुना दिसायला लागला की तो मिरजेला न्यायचा, कारागिराकडून जवारी लावून घ्यायची, पॉलिश करून आणायचा. वाद्य नव्यासारखं होऊन घरी येतं आणि घरातले सगळे खूश होतात. त्या परंपरेत ते बरोबरच आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, ते या कारागिरीसाठीच. तंबोऱ्याची किंमत त्याच्या आवाजावर आणि कारागिराच्या हातावर ठरते. कारखान्यात बनलेल्या जुन्या गिटारचा बाजार वेगळा आहे. तिथे गिऱ्हाईक विचारतं, कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाचं यातलं किती शिल्लक आहे? खरवडलं की ते गेलं, आणि कितीही पैसे घातले तरी परत येत नाही.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. माझ्या एका कोर्समेटच्या पत्नीचं उदाहरण सांगतो. तो गेला. वहिनी देहरादूनला राहतात. घरात त्याची गिटार होती, अमेरिकेत १९७० च्या दशकात बनलेली, बोटीवर नोकरी करणाऱ्या त्याच्या मामांनी आणलेली. लेकीच्या हॉस्टेलचे पैसे भरायचे होते म्हणून वहिनींनी ती विकायला काढली. एका व्यापाऱ्यानं पुढची फळी बघून सांगितलं, सगळीकडून फुटलेली आहे, ४०,००० देतो, तेही तुमच्याकडे बघून. जवळच्या फर्निचर पॉलिशवाल्यानं सांगितलं, ८,००० द्या, आरशासारखी करून देतो, मग दुप्पट किमतीला विका. वहिनींनी फोन केला. "भाऊजी, पॉलिशवाला सोमवारी न्यायला येतोय. देऊ ना?"

मी म्हटलं, "वहिनी, त्याला नाही सांगा. मी येऊन बघतो."

गिटार बघितली. पुढच्या फळीवर खरोखर शंभरेक रेघा होत्या, पण जवळजवळ सगळ्या आडव्या, रेषांना छेदणाऱ्या. सिक्कीम, लेह, पुन्हा खाली पठाणकोट, अशा त्याच्या बदल्या होत्या. आतून आरशानं बघितलं, फळी स्वच्छ. व्यापाऱ्यानं ज्यांच्यावर बोट ठेवलं होतं, ते सगळे थराचे तडे होते. त्यांच्यासाठी एक पैसा कापायची गरज नव्हती.

पण पिकगार्डच्या काठाला लागून, साउंडहोलपासून ब्रिजकडे जाणारी एक रेघ होती. जेमतेम आठ सेंटिमीटर, केसासारखी, रेषांना समांतर. ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती. अंगठ्यानं दाबल्यावर एक कड हलली, आणि आरशात तीच रेघ आतूनही दिसली. ही खरी चीर. त्या काळी काही अमेरिकन कारखान्यांत प्लॅस्टिकचं पिकगार्ड थेट कोऱ्या लाकडावर चिकटवून वरून लॅकर मारायची पद्धत होती. वर्षं जातात तसं ते प्लॅस्टिक आकसतं आणि सोबत लाकूड ओढतं. त्या काळच्या गिटारींमध्ये ही ओळखीची चीर आहे आणि तिची दुरुस्तीही ठरलेली आहे.

मी वहिनींना दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी त्यांना दुसरी ऐकायची नव्हती. "कुणाला दिसत नाहीये, तर आपण कशाला बोलायचं?" असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या जागी हे वाटणं साहजिक होतं. मी म्हटलं, ज्याला कळतं तो आरसा घालणारच. त्याला ती स्वतः सापडली तर तो उरलेल्या शंभर निरुपद्रवी रेघांवरही विश्वास ठेवणार नाही. आपण आधी सांगितली तर तो बाकीचं ऐकून घेईल.

बंगळूरच्या एका कारागिराकडे गिटार पाठवली. त्यानं चीर जोडली, आतून तीन छोट्या चकत्या लावल्या, पिकगार्ड काढून नीट बसवलं, आणि थराच्या तड्यांना हात लावला नाही. खर्च ७,००० आला. जाहिरातीत आम्ही सगळं लिहिलं: साल, मूळ फिनिश, थंडीचे तडे, एक दुरुस्त चीर, आतला फोटो. बंगळूरच्याच एका तरुण इंजिनिअरनं ती १,३५,००० ला घेतली. चीर नसती तर आणखी थोडे आले असते, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. हॉस्टेलचे पैसे भरून झाले. पॉलिशवाल्याला सोमवारी गिटार दिली असती, तर निम्मी किंमत आठ हजार मोजून घालवली असती.

यातून एक गोष्ट तपासणाऱ्यांनी घ्यावी. शंभर तडे दिसायला भयंकर असतात, म्हणून डोळा तिथेच अडकतो. खरी चीर अनेकदा त्यांच्या गर्दीत लपून बसते. म्हणून घाबरून नाही म्हणू नका, आणि "लॅकर आहे, तडे असायचेच" म्हणून निष्काळजीपणे हो पण म्हणू नका. प्रत्येक समांतर रेघ वेगळी तपासा.

आता एक उलटी गंमत. तड्यांना बाजारात किंमत आली म्हणून कारखाने नव्या गिटारींवर मुद्दाम तडे पाडून विकायला लागले. फेंडरच्या कस्टम शॉपनं १९९५ साली 'रेलिक' नावानं जुनाट केलेल्या गिटारी आणल्या. गिब्सनची 'मर्फी लॅब' हेच काम करते. नव्या गिटारला म्हातारी करून घ्यायला लोक जास्त पैसे मोजतात. हौसेला मोल नाही, माझी हरकत नाही. पण त्यामुळे विकत घेणाऱ्यानं सावध राहायला हवं. तडे आहेत म्हणजे गिटार जुनी, असं आता म्हणता येत नाही. मुद्दाम पाडलेले तडे फार नियमित असतात, आणि हात लागून झिजायच्या जागा, फ्रेट, स्क्रू, पेटी यांचं वय त्यांच्याशी जुळत नाही. सगळ्या भागांचं वय एकमेकांशी जुळतंय का, ते बघा.

आणखी एक गैरसमज. आयर्लंडचा रोरी गॅलाघर ज्या १९६१ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर वाजवायचा, तिचा बहुतेक रंग निघून लाकूड उघडं पडलं होतं. २०२४ साली लंडनच्या लिलावात ती सुमारे ८ लाख ८९ हजार पौंडांना गेली. हे उदाहरण देऊन मला लोक सांगतात, "बघा सर, रंग उडालेल्या गिटारला किती किंमत!" ती किंमत रोरी गॅलाघरच्या हाताची आहे. आपला हात तेवढा मोठा होईपर्यंत आपली गिटार जपलेली बरी.

जपायची कशी, ते थोडक्यात. थंडीतून आणलेली पेटी लगेच उघडू नका. खोलीत तशीच बंद ठेवा, दोन-चार तास, कडाक्याची थंडी असेल तर रात्रभर. हवेतला दमटपणा शक्यतो ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. चारपाचशे रुपयांचं हायग्रोमीटर पेटीत टाकून ठेवा. कोकणात आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, नागपूर-जयपूरकडच्या उन्हाळ्यात पेटीत ओलावा देणारा ह्युमिडिफायर. कूलरच्या झोतात गिटार टांगू नका, बंद गाडीत ठेवू नका. पडलेले तडे परत मिटत नाहीत. नवे मात्र टाळता येतात, आणि चीर तर नक्कीच टाळता येते.

विकणाऱ्यांना एकच विनंती आहे. जाहिरातीत "थोडे स्क्रॅचेस" असं मोघम लिहू नका. तडे कुठे आहेत, आतून काय दिसतं, काय दुरुस्त केलं, हे लिहा आणि तिरक्या उजेडात फोटो काढा. घेणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. रेघ थराची आहे हे कळत असताना समोरच्याला कळत नाही म्हणून "फुटकी आहे" असं म्हणून भाव पाडू नका. समोरचा कदाचित घरातल्या गेलेल्या माणसाची गिटार विकत असेल. जे पैसे खरोखर कापायचे आहेत ते कारण सांगून कापा, समोरचा मान्य करतो.

तुमच्याकडे अशी गिटार असेल तर आज संध्याकाळी दिवे मालवा, टॉर्च आणि आरसा घ्या, आणि एक-एक रेघ बघा. आडवी किती, समांतर किती, आत काय दिसतं, ते कागदावर लिहा. तो कागद पेटीत ठेवा. उद्या विकायची वेळ आली तर भाव करताना तो कामाला येईल, आणि विकायची नसेल तर पुढच्या पावसाळ्यानंतर कोणती रेघ वाढली ते कळेल.

जय हिंद.